मीठ पांढरंच राहिलं

प्रिय मुंगे,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत. दादा सकाळी रोपवाटिकेत कामाला गेला, डबा विसरला म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत आला, डबा घेतला आणि टोपी विसरून गेला. माझे गुडघे कुरकुरतात, पण चालतात. गेल्या आठवड्यात तुला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा तुझ्याकडे थंडी किती पडलीय एवढंच विचारून ठेवून दिला. तिसऱ्या वेळी तू म्हणालीस, "बाबा, हवामान खात्यात नोकरी लागली का तुम्हाला?" मी हसलो. तोंडानं हे जमणार नाही, ते तेव्हाच कळलं. नोकरीभर मी लिहायचंच काम केलं, तेव्हा म्हटलं लिहूनच बघू. हा चौथा कागद. आधीचे तीन फाडून चुलीत घातले.

मागच्या महिन्यात तू येऊन गेलीस, तेव्हा निघताना जिन्यात थांबून मला विचारलंस, "बाबा, खरं सांगा, दादा असा का आहे?" तीस वर्षांत हा प्रश्न तू मला कधी विचारला नव्हतास. तुझ्या एका हातात पिशवी होती आणि दुसरा पोटावर. अजून बाहेरून काही दिसतही नाही, पण बायकांचा हात आपोआप तिथे जातो. मी म्हणालो, "गाडी चुकेल तुझी." तू क्षणभर माझ्याकडे बघितलंस आणि उतरून गेलीस. गाडीला अजून पाऊण तास होता. आईनं नंतर सांगितलं की तू कपाटातून दादाची इस्पितळाची फाइल काढून तिच्या पानांचे फोटो काढून नेलेस, तुझ्या डॉक्टरीणबाईंनी मागितली होती म्हणून. ते ऐकून मी खुर्चीत बसलो तो बराच वेळ उठलोच नाही. आईला वाटलं माझी साखर उतरली. तिनं पाणी आणून दिलं.

तुला आठवतं का, शाळेला सुट्टी असली की तू माझ्याबरोबर कारखान्यात यायचीस? प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर बसून पाय हलवत राहायचीस. मी बशीतलं मीठ पाण्यात विरघळवून त्यात औषधं घालायचो, शेवटी स्टार्चचे दोन थेंब, की सगळं पाणी एकदम गडद निळं व्हायचं आणि तू टाळ्या पिटायचीस. मग काचेच्या नळीतून मी थेंब थेंब दुसरं पाणी सोडायचो आणि तू मोजायचीस. एका थेंबाला तो निळा रंग गडप! जितके थेंब जास्त लागले, तितकं मिठात आयोडीन जास्त. तू आकडा सांगायचीस, मी रजिस्टरात लिहायचो. तीसच्या वर असला की पास. "बाबा, आज चौतीस!" एका पोरीला तिच्या बापाचं काम जादूचं वाटावं, याहून जास्त काय हवं असतं माणसाला? आणि मी मात्र तुझी प्रत्येक टाळी ऐकताना रजिस्टरात मान खाली घालायचो. तेव्हा तुला ते कळणं शक्य नव्हतं. आज कळेल.

तू बघितलास तो कारखाना नंतरचा. तू जन्मायच्या चार वर्षं आधीची गोष्ट सांगतो. आपल्या खोऱ्याच्या मातीत आयोडीन नाही हे तू शाळेत शिकलीसच. मातीत नाही म्हणून पाण्यात नाही, भाजीत नाही, दुधात नाही. तुझ्या आजीच्या, म्हणजे आईच्या आईच्या, पिढीत दर तिसऱ्या बाईच्या गळ्याला गाठ असायची. आजीची तू फोटोत बघितली आहेस, पदर कितीही ओढून घेतला तरी दिसायचीच. आणि घरटी एखादं मूल मंद, बहिरं किंवा ठेंगणं. लोक म्हणायचे, डोंगराची नजर लागते. मग कारखाना आला. कच्चं मीठ वर्षाचं एकदम समुद्रकाठाहून यायचं, गोदामात त्याचे ढीग लागायचे. दळून झालं की पट्ट्यावरून पुढे सरकायचं, आणि पट्ट्याच्या वर एक तोटी होती, तिच्यातून आयोडीनच्या क्षाराचं पाणी फवारलं जायचं. बाकी काही नाही, एवढीच ती तोटी. त्या तोटीनं दहा-बारा वर्षांत खोऱ्यातल्या बायकांचे गळे सपाट केले. मी तिथला तपासनीस. वय तिशीच्या आत, नवं लग्न, कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्या. गावात चालताना लोक नमस्कार करायचे. मलाही वाटायचं, आपण काहीतरी आहोत.

त्या वर्षी मोठा पूर आला आणि खालचा पूल वाहून गेला. गोदामात मीठ भरपूर होतं, पण आयोडीनच्या क्षाराचा डबा संपत आला होता आणि नवा पुलाच्या पलीकडे अडकला. एका सोमवारी तोटी कोरडी पडली. मी नेहमीसारखं मीठ विरघळवलं, स्टार्च टाकला. पाणी निळं झालंच नाही. मी तसाच रजिस्टर काखेत मारून साहेबांकडे गेलो. साहेब माणूस वाईट नव्हता गं, स्वभावानं गमत्या. म्हणाले, "दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. पट्टा बंद केला तर खोऱ्याला मीठच मिळणार नाही. अळणी जेवायला घालतोस का लोकांना?" मी म्हटलं, मग रजिस्टरात शून्य लिहितो. तर हसून म्हणाले, "शून्य लिहिलंस तर वरून माणसं येतील, कारखान्याला टाळं लावतील. दोन आठवडे नेहमीचा आकडा लिही. खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं." आपल्या विनोदावर ते स्वतःच खूष झाले. मीही हसलो, मुंगे. साहेब हसले की हसायची सवय होती.

तिसऱ्या आठवड्यात लाकडी पूल बांधून झाला, गाड्या सुरू झाल्या. डबा आला नाही. पुढच्या आठवड्यात येणार होता, मग पहिल्या तारखेला, मग कुठल्याशा खात्याची सही राहिली होती. खरी गोष्ट अशी की कोणाचं काही अडलंच नव्हतं. मीठ खारटच लागत होतं. पाकिटं विकली जात होती, पाकिटावर आयोडीनयुक्त असं ठळक छापलेलं होतं. आणि मी दर दोन तासांनी आकडा लिहीत होतो. सगळे सारखे लिहिले तर संशय येईल म्हणून मी बदलून बदलून लिहायचो. चौतीस. छत्तीस. तेहेतीस. एखाद्या दिवशी मुद्दाम एकतीस, म्हणजे खरं वाटावं. त्यासाठी मी डोकं चालवायचो. या एका गोष्टीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. नुसतं भिऊन गप्प बसलो असतो तर वेगळं. मी तर मन लावून खोटं लिहीत होतो.

प्रयोगशाळेच्या भिंतीवर आरोग्य खात्यानं लावलेला एक तक्ता होता. त्यावर पोटुशी बाई आणि पोटातलं बाळ, आणि खाली लिहिलेलं की बाळाचा मेंदू पहिल्या महिन्यांपासून घडतो, त्याला आईच्या अंगातलं आयोडीन लागतं, त्या वेळी कमी पडलं तर पुढे कितीही दिलं तरी भरून निघत नाही. तो तक्ता रोज डोळ्यांसमोर यायचा. मी त्याच्यावर दिनदर्शिका टांगली.

तोटी कोरडी पडून दीड महिना झाला असेल. एका संध्याकाळी घरी आलो तर तुझी आई दारातच उभी. नुसती हसत होती. मग म्हणाली, "अहो, आता दोन खोल्या पुरायच्या नाहीत." मुंगे, बाप होणार हे कळल्यावर माणसाला आनंद होतो म्हणतात. मला झाला, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या मागोमाग माझी नजर तिच्या खांद्यावरून आत गेली. स्वयंपाकघरात फळीवर मिठाचा डबा होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो. आई म्हणाली, "बघताय काय असं? भूक लागली का?"

तू म्हणशील, तेव्हाच दुसरं मीठ का नाही आणलंत. मी स्वतःला हे चौतीस वर्षं विचारतोय. दुसरं मीठ आणायचं म्हणजे मी लिहितो ते खोटं आहे, आणि त्यानं माणसाचं वाटोळं होऊ शकतं, हे कबूल करायचं. मी मनाशी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात डबा येईल. आईच्या अंगात थोडं साठलेलं असेलच. सगळीच मुलं काही तशी होत नाहीत. असं म्हणत म्हणत साडेतीन महिने गेले. आणि त्या साडेतीन महिन्यांत आपल्या खाली राहणारी शिंपीणबाईही पोटुशी होती, एकाच महिन्यातल्या दोघी. रोज सकाळी जिन्यात उभ्या राहून एकमेकींच्या पोटाची मापं काढायच्या. शिंपीणबाई गळ्यातली टेप काढून खरोखर मोजायची. त्यांचं हसू वर मला ऐकू यायचं आणि मी दाढी करता करता थांबायचो.

पाचव्या महिन्यात आरोग्य केंद्रातली नर्सबाई घरी आली. आईचं वजन, रक्तदाब सगळं बघितलं. जाता जाता म्हणाली, "तुमचं मीठ बघू." तिच्याजवळ एक छोटी बाटली असायची. मिठावर थेंब टाकायचा, आयोडीन असेल तर मीठ जांभळं होतं. मी त्या दिवशी नेमका घरी होतो. आईनं बशीत चमचाभर मीठ काढलं. नर्सबाईनं थेंब टाकला. आम्ही तिघंही वाकून बघत होतो. मीठ पांढरंच राहिलं. नर्सबाईनं बाटली हलवून दुसरा थेंब टाकला. पांढरंच. तिनं पाकीट हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि माझ्याकडे वळली. "हे तर तुमच्याच कारखान्याचं ना?"

तेव्हा बोलायला हवं होतं. समोर नर्स, बाजूला बायको, मधे ती बशी. इतकी सोपी संधी देवानं कोणाला दिली नसेल. मी म्हणालो, "पाकीट उघडं राहिलं असेल. ओल लागली की उडून जातं." नर्सबाईचा चेहरा सैल झाला. ती म्हणाली, "हां, तुम्ही तपासनीस, तुम्हालाच जास्त माहीत." आणि तुझ्या आईला म्हणाली, "घट्ट झाकणाचा डबा वापरत जा, ताई." आई खजील झाली. आपल्या हातून चूक झाली असं तिला वाटलं. त्या दिवशी तिनं सगळे डबे घासून पुसून ठेवले. आणि नर्सबाई तिथून खाली शिंपीणबाईकडे गेली, मग पुढच्या घरी, मग साऱ्या खोऱ्यात. जिथे जिथे मीठ पांढरं राहिलं, तिथे तिथे ती सांगत गेली, झाकण घट्ट लावा. माझं वाक्य होतं ते.

दुसऱ्या दिवशी मी काचेच्या नळ्या आणायच्या म्हणून शहरात गेलो आणि दुसऱ्या कंपनीचं मीठ आणलं. तिथल्या धर्मशाळेच्या मोरीत उभं राहून ते आपल्या कारखान्याच्या रिकाम्या पाकिटांत भरलं, म्हणजे आईलाही कळू नये. तेव्हापासून आपल्या घरात चांगलं मीठ होतं. फक्त आपल्या घरात. शिंपीणबाई एकदा वाटीभर मीठ मागायला वर आली. आईनं दिलं. मी ते बघितलं आणि मला काय वाटलं असेल? बरं वाटलं. तिला वाटीभर तरी मिळालं, असं वाटलं. त्यावर मी चार रात्री शांत झोपलो. माणूस स्वतःला किती स्वस्तात माफ करतो बघ.

आयोडीनचा डबा आईच्या आठव्या महिन्यात आला. तोटी सुरू झाली. स्टार्च टाकल्यावर पाणी निळं झालं तेव्हा मी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि रडलो. मग दादा झाला. छान गुटगुटीत होता, रडायचाही कमी. सगळे म्हणायचे, किती शांत मूल. मी रात्रंदिवस त्याच्याकडे बघायचो. मान कधी धरतो, हाक मारली की वळतो का. डाव्या बाजूनं टाळी वाजवली की वळायचा नाही. आई म्हणायची, "तुम्ही त्याच्याकडे असे काय बघता हो, चोरासारखं?" शिंपीणबाईची मुलगी तर दोन वर्षं बसलीच नाही. ती अजून आईजवळ बसून बटणं लावते, सुंदर लावते, आणि बोलत नाही. त्या वर्षीची मुलं शाळेत गेली तेव्हा पहिलीच्या बाई मला बाजारात म्हणाल्या, "या खेपेचा वर्गच जरा जड आहे." त्यांच्या एका वाक्यावरून काही सिद्ध होत नाही. पण मी हातातली भाजीची पिशवी तिथेच विसरून घरी आलो.

तू झालीस तेव्हा कारखान्यात नवे साहेब आले होते, तोटी एक दिवसही बंद नव्हती. तू सहाव्या महिन्यात माझा चष्मा ओढलास. पाचव्या वर्षी वाचायला लागलीस. तेव्हाचा एक दिवस तुला आठवत नसेल. मी आत्ता लिहितोय त्याच टेबलावर तू आणि दादा पाटी घेऊन बसला होतात. तो नऊ वर्षांचा, तू पाच. तू तुझं नाव लिहिलंस, मग त्याचंही लिहून दाखवलंस. त्यानं ते बघून लिहायचा प्रयत्न केला, पेन्सिल इतकी दाबली की मोडली. मग दुसरी मोडली. तू त्याला तिसरी दिलीस. माझी बहीण, तुझी आत्या, तेव्हा आपल्याकडे आली होती. ती आईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "पोराचा काय दोष? आईच्या माहेरचंच आहे ते. तिचा भाऊ नाही का तसाच?" मामा तसाच होता, हे खरं. आई हातातलं काम टाकून वळली आणि माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी एक शब्द बोललो असतो तरी पुरलं असतं. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

त्यानंतर ते घरात कायमचं ठरून गेलं. आईच्या रक्तात दोष आहे. कोणी बोलून दाखवायचं नाही, पण होतंच. आईनंही ते मानून टाकलं. पुढल्या वर्षी आम्ही दादाला शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नीट तपासलं आणि त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याची मला घरून निघाल्यापासून धास्ती होती: "गरोदरपणात मीठ कोणतं होतं? तुमचं खोरं त्यासाठी प्रसिद्ध आहे." आई माझ्या शेजारी बसली होती. तिनं अभिमानानं सांगितलं, "हे मिठाच्या कारखान्यातच तपासनीस आहेत." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "आयोडीनयुक्तच. मी स्वतः तपासलेलं." त्यांनी मान हलवली, आईनं हळूच सांगितलेलं मामाचं ऐकून घेतलं आणि लिहिलं: आयोडीनची कमतरता नाही, आईच्या बाजूला मतिमंदत्वाचा इतिहास, आनुवंशिक कारणाची शक्यता. मुंगे, तू जिचा फोटो काढून नेलास ती ओळ हीच. खाली सही डॉक्टरांची आहे. ओळ माझी आहे.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी आपल्या आरोग्य केंद्रातल्या नव्या डॉक्टरांकडे गेलो. पोरगेलेसे आहेत, तुझ्याच वयाचे. आयुष्यात पहिल्यांदा हे सगळं कोणासमोर तरी बोललो. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग दादाला घेऊन यायला सांगितलं, त्याला तपासलं, मामाची विचारपूस केली, आजीच्या गळ्याची केली. ते म्हणाले, "चौतीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीवर बोट ठेवून हेच कारण असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आजोबा. पण मामा जन्मले तेव्हा या खोऱ्यात आयोडीनचं मीठ यायचंच होतं, आणि तुमचा मुलगा झाला तेव्हा ते नव्हतं. दोघांना जोडणारी गोष्ट रक्तापेक्षा मातीत असण्याची शक्यता मला जास्त वाटते." ते असंही म्हणाले की तुझ्या डॉक्टरीणबाईंना खरी हकीकत कळलीच पाहिजे, कारण त्या चुकीच्या कागदावरून हिशेब मांडत आहेत, तुझ्या थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर लगेच करून घ्यावी, आणि आनुवंशिक दोष आहे की नाही हे बघायला दादाच्या रक्ताची तपासणी आता करता येते. दादाचं रक्त परवा घेतलं. सुईला घाबरला नाही. नर्सला म्हणाला, "सगळं काढू नका, मला रोपांना पाणी घालायचंय." त्याचा निकाल यायला तीन आठवडे लागतील. त्यात काही वेगळं निघालं तर तेही तुझ्यापासून लपवणार नाही. डॉक्टरांनी माझ्याकडून सगळं लेखी घेतलं, सही घेतली. ते वर पाठवणार आहेत. साहेब केव्हाच वारले, कारखान्याचे मालक तीनदा बदलले, मला काय होईल ते होईल. त्याची भीती, खरं सांगतो, आता फारशी वाटत नाही.

भीती आईला सांगायची होती. काल दुपारी सांगितलं. आम्ही दोघं चादरीची घडी घालत होतो, दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. मी बोलायला लागलो आणि थांबलो नाही. ती ऐकत राहिली. चादर आमच्या मधे ताणलेली. माझं संपल्यावर ती पुढे आली, माझ्या हातातली टोकं काढून घेतली आणि घडी पुरी केली. मग म्हणाली, "माझी आई मरायला टेकली होती, तेव्हा मी तिला बोलले होते. तुझ्या घराण्यानं माझ्या पोराचं वाटोळं केलं, म्हणून. ती तेच ऐकून गेली." चादर कपाटात ठेवून म्हणाली, "तू मला सांगायचं होतंस." लग्नाला छत्तीस वर्षं झाली. तिनं मला कधी एकेरी हाक मारली नव्हती. ती ओरडली असती, भांडं फेकलं असतं, तर मला सोसलं असतं. ती आत जाऊन तोंड धुऊन आली आणि त्यानंतर काल रात्री आणि आज सकाळी माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही. चहा मात्र दिला. खालच्या मजल्यावर शिंपीणबाईकडे मला अजून जायचं आहे. अठरा पायऱ्या आहेत. उद्या उतरेन.

आता हे सगळं आजच का लिहितोय ते सांगतो. शनिवारी जावईबापूंचा फोन आला. तुझ्या नकळत केला होता, गच्चीवरून, वाऱ्यात अर्धं ऐकूही येत नव्हतं. तू त्यांच्यावर रागावू नकोस. ते म्हणाले की फाइल वाचल्यापासून तू नीट जेवत नाहीस, रक्तात असेल तर माझ्याही मुलात उतरेल असं एकच म्हणत राहतेस, आणि हे मूल ठेवायचं नाही असं तू ठरवलंयस. गुरुवारी सकाळी अकराची वेळ घेतली आहे. ते म्हणाले, "तिला मूल नको असतं तर मी बोललो नसतो. तिला हवंय, बाबा. ती रोज रडते." मुंगे, ठेवायचं की नाही हे तूच ठरव. दादाला वाढवताना तुझ्या आईचं काय झालं ते तू डोळ्यांनी बघितलं आहेस, तुला शहाणपण शिकवायचा मला हक्क नाही, आणि तू जे ठरवशील त्याला या घरातून कोणी नावं ठेवणार नाही. पण तुझ्या आईच्या रक्ताला घाबरून ठरवू नकोस. तिच्या रक्ताबद्दल जे काही तुला माहीत आहे, ते एका भित्र्या माणसानं नोकरीसाठी सांगितलेलं आहे. पत्र टाकलं तर गुरुवारच्या आत पोचायचं नाही, आणि फोनवर मी पुन्हा थंडीच विचारीन, म्हणून पत्र आईच आणतेय. गुरुवारचंही मी तिला काल सांगितलं होतं; आज सकाळी ती पिशवी भरून दारात येऊन उभी राहिली आणि पत्रासाठी हात पुढे केला. अजून उभी आहे. दुपारच्या गाडीनं निघाली की उद्या संध्याकाळी तुझ्याकडे पोचेल. तेव्हा हे वाचत असशील त्या वेळी ती तुझ्यासमोर बसलेली असेल. माझ्याविषयी काय वाटायचं ते सावकाश वाटू दे. आधी कागद ठेव आणि तिच्या कुशीत जा.

अजूनही म्हणू देशील तर, तुझाच,
बाबा